काखेतला कळसा कोणाला दिसतो?

चाळिशी लागली तेव्हाची गोष्ट, वय आणि चष्मा या दोन्ही अर्थांनी. डॉक्टरांनी नंबर लिहून दिला आणि ज्या रस्त्यानं मी बारा वर्षं रोज स्टेशन गाठत होतो, त्याच रस्त्यावर चष्म्याचं दुकान शोधत निघालो. एक मिळालं तरी भागणार होतं. मिळाली पाच. त्यातलं एक तर मी रोज जिथं चहा पितो त्या टपरीच्या बरोब्बर समोर. "नवीन उघडलंत का?" असं विचारल्यावर गल्ल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे जरा दयेनंच बघत म्हणाले, "वडिलांनी टाकलंय. पंचवीस वर्षं होतील."

बारा वर्षं ती पाटी डोळ्यांसमोर होती. प्रकाश तिच्यावर पडून माझ्या डोळ्यांत शिरत होता, शाळेत शिकवलं तसंच सगळं घडत होतं. पण मला तिचं काही काम नव्हतं, म्हणून ती मला दिसत नव्हती.

'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण आपण विसराळू माणसाची चेष्टा करायला वापरतो. खरं तर तो आपल्या सगळ्यांच्याच मेंदूचा स्वभाव आहे. आणि एकाच गावात, एकाच काळात राहणाऱ्या शंभर माणसांपैकी एकालाच एखादी संधी का दिसते, उरलेल्या नव्याण्णवांना का दिसत नाही, या कोड्याची उकल बरीचशी या स्वभावात सापडते. नशीब असतं, पैसा असतो, ओळखी असतात, ते सगळं आहेच. पण त्याआधी दिसावं लागतं.

डोळा म्हणजे कॅमेरा अशी आपली एक समजूत असते. समोर जे आहे ते आत उमटतं, मग आपण त्यावर विचार करतो. मेंदू इतका साधा नाही. समोरचं सगळं टिपून घेणं त्याला झेपणारच नाही, म्हणून तो आधी गाळणी लावतो. आत्ता आपण काय शोधतोय, इथं साधारण काय असतं, कशानं आपलं बरंवाईट होऊ शकतं, अशा दोन-चार प्रश्नांच्या जाळीतून जे खाली उतरेल तेवढंच तो आपल्यापुढे ठेवतो. बाकीचं डोळ्यांपर्यंत येतं, पण लक्षापर्यंत पोचत नाही.

याचा एक जरा भीतीदायक पुरावा २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी छापला. त्यांनी २४ रेडिओलॉजिस्ट घेतले. म्हणजे एक्स-रे, सीटी स्कॅन वाचणं हाच ज्यांचा रोजचा धंदा. त्यांना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि त्यातल्या बारीक गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये एका कोपऱ्यात गोरिलाचं चित्र चिकटवून ठेवलं होतं. आकार सरासरी गाठीच्या ४८ पट. चोविसांपैकी वीस जणांना तो दिसला नाही. त्यांची नजर कुठं फिरते हे यंत्रानं टिपलं जात होतं, आणि न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्या गोरिलावर पडून गेलेली होती.

यावरून डॉक्टरांना हसू नये. ते गाठ शोधत होते आणि गाठी त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगल्या दिसतात. ज्या सवयीनं गाठ दिसते, तिच्यामुळंच गोरिला निसटतो. हा सौदा आहे आणि तो कोणालाच चुकत नाही. संधीच्या बाबतीत तो पुन्हा आडवा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता गाळणीची दुसरी बाजू. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिबळाच्या पटाचा प्रयोग केला. खऱ्या डावाच्या मधली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि सोंगट्या आठवून मांडायला सांगायच्या. कसलेला खेळाडू बऱ्याचशा सोंगट्या बरोबर मांडतो, नवखा जेमतेम चार-पाच. तुम्ही म्हणाल, स्मरणशक्तीच दांडगी. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या, की कसलेल्या खेळाडूची आघाडी जवळजवळ संपते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती तुमच्याआमच्यासारखीच. फरक एवढाच, की आपल्याला वीस-पंचवीस सुट्या सोंगट्या दिसतात आणि त्याला पाच-सहा ओळखीचे घोळके. वर्षानुवर्षं डाव खेळून त्याच्या डोक्यात हे घोळके साठलेले असतात.

म्हणजे दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आधीपासून डोक्यात साठलेलं काहीतरी, आणि मनात घेऊन फिरत असलेला एखादा प्रश्न. माझ्याकडे चष्म्याचा प्रश्न नव्हता तोवर दुकान नव्हतं. 'त्याची नजरच वेगळी' असं आपण म्हणतो ते अगदी चूक नाही, पण ती नजर जन्मतः मिळालेली नसते. बहुधा ती साठवलेली असते.

आणि इथं मला एका अशा माणसाकडे यायचंय ज्याची नजर शब्दशः अधू होती.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि दोनेक वर्षांत लक्षात आलं, की त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकाराचा रस्ता तिथंच बंद. पण हातात रेषा पक्की होती. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, तिथं रंगाचं काम नाही, आणि पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

यंत्राचं रेखाटन ही नजरेची तालीम आहे. वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी, बाजूनं कशी, मधोमध कापली तर आत काय, हे कागदावर उतरवायचं. ज्यानं हे वर्षभर केलं त्याला पुढं नुसतं 'यंत्र' दिसत नाही. त्याला दांडा, दाते, खिळा, बिजागरी दिसू लागते. मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी पहिल्यांदा सायकल पाहिली तेव्हा बाकीच्यांना दोन चाकांवर तोल सांभाळणारा माणूस दिसला असणार. लक्ष्मणरावांना ती उघडून जोडता येण्यासारखी वस्तू दिसली. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. दोघा भावांनी तिथं सायकलींचं दुकान काढलं. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ सालची धरतात, ती या दुकानापासून. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

पुढं मुंबईच्या नोकरीत त्यांची बढती डावलली गेली आणि ते राजीनामा देऊन बेळगावला आले. सायकलीवर थांबले असते तर आज त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नसतं.

ते थांबले नाहीत, कारण भोवताली शेतकरी होते. जनावरांपुढं अख्खा कडबा टाकला की ती पानं ओरबाडतात आणि धाटं तुडवून टाकतात, हे खेड्यात कोणाला माहीत नाही? पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते नुकसान आहे असं मात्र फारसं कोणाला वाटत नव्हतं, कारण ते 'असतंच तसं' या खात्यात जमा होतं. किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. आपण आज कडबाकुट्टी म्हणतो त्याच घराण्यातलं. मला विचाराल तर संधी ओळखण्याची निम्मी कला इथंच आहे: लोक ज्याची तक्रारसुद्धा करायची सोडून देतात ते ऐकू येणं.

मग लोखंडी नांगर. इथं गोष्ट अवघड होते, आणि खरी रंगतही इथंच.

लाकडी नांगराचा फाळ जमीन चिरतो, ढेकळं फोडतो, पण मातीची पट्टी पलटी करत नाही. हराळी आणि कुंद्यासारखी चिवट तणं त्यामुळं मुळापासून निघत नाहीत. वरून तुटतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. लोखंडी नांगराचा वाकवलेला पत्रा माती उचलून उलथी करतो, मुळं उन्हात येऊन वाळतात. कागदावर एवढं सरळ आहे. पण शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला किर्लोस्करांना दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! या आकड्यापाशी थोडं थांबू.

पहिली गोष्ट, शेतकरी अडाणी होते असं म्हणून पुढं जाऊ नये. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करून देतो, आणि सुतार बलुतेदार. त्याला सुगीला धान्य द्यायचं, रोख पैसा लागत नाही. लोखंडी नांगराला आधी रोकड मोजायची. तो पेरणीच्या तोंडावर मोडला तर सुट्टा भाग कुठून आणायचा? ज्याच्याकडे एकच बैलजोडी आणि एकच हंगाम आहे, त्याला चूक परवडत नाही. विषाची भाषा म्हणजे या धास्तीचं बोलीतलं रूप असावं असं मला वाटतं. तेव्हा किर्लोस्करांना जे दिसत होतं तेही खरं होतं आणि शेतकऱ्याला जे दिसत होतं तेही. एकाच नांगराकडे दोघं दोन बाजूंनी बघत होते.

दुसरी गोष्ट, 'पारख' आणि 'दृष्टी' यांतला फरक इथं उघडा पडतो. पारख म्हणजे समोरच्या चित्रातलं मोकळं भोक दिसणं. दृष्टी म्हणजे ते भोक बुजल्यावर चित्र कसं दिसेल याची मनातली प्रतिमा, आणि त्या प्रतिमेत आपण स्वतः कुठं उभे आहोत याचीही. नुसती पारख असलेला माणूस सहा महिने माल खपला नाही की दुसरा धंदा बघतो, आणि बहुतेक वेळा ते शहाणपणाचंच असतं. लक्ष्मणरावांना नांगर विकायचा होता, पण त्याहून आधी इथली यंत्रं इथंच बनायला हवी होती. त्या चित्रात न खपलेला नांगर म्हणजे अपयश ठरत नाही, 'अजून काय कमी पडतंय' असा प्रश्न ठरतो.

पुढचा प्रसंग तर ठरवून रचल्यासारखा आहे. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत वसवायची होती, त्यासाठी कारखान्याची जागा सोडावी लागणार होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जागा मिळाली ती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर. माळरान, निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हा भाग सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतो.

त्या माळावर उभं राहून बघणाऱ्याला निवडुंग दिसणार, नाग दिसणार. रेल्वे स्टेशनही दिसणारच, ते कुठं लपलेलं होतं? पण ज्याच्या मनात लोखंड आणि कोळसा आत आणायचाय, नांगर बाहेर पाठवायचेत, कामगारांची घरं वसवायचीत असं चित्र तयार आहे, त्याला आधी रूळ दिसतात आणि निवडुंग हे काढून टाकायचं काम वाटतं. माणसांच्या बाबतीतही त्यांची तीच रीत. वाडीला तटबंदी नव्हती, आणि रात्रीच्या राखणीला त्यांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसं ठेवली होती. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. ज्यांना गाव 'कामाचे नाहीत' म्हणून बाजूला सारत होतं, त्यांच्यात त्यांना माणसं दिसली.

आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींना विसरून चालणार नाही. ते स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक, गादीवर येऊन फार तर वर्ष झालेलं. एका विस्थापित कारखानदारात त्यांना काहीतरी दिसलं. यशोगाथा सांगताना आपण एकाच माणसाच्या डोळ्यांची तारीफ करतो. पण बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी तो माणूसच संधी म्हणून दिसलेला असतो. ते दहा हजार रुपये आणि ती ३२ एकर नसती, तर लक्ष्मणरावांची दृष्टी तेवढीच लांब पल्ल्याची असूनही आपल्याला तिचा पत्ता लागला नसता. नजर असलेली, पण जात, बाईपण किंवा गरिबी आड आल्यामुळं हात बांधलेली किती माणसं असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्याच वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या बातम्यांतून वाढत वाढत ते मराठीतलं एक मोठं मासिक झालं; १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. एकाच कुटुंबात, एकाच वाडीत, काकांना नांगर दिसला आणि पुतण्याला वाचक.

हे असं का होतं, याचा एक सुरेख अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथल्या एमआयटी या संस्थेत त्रिमितीय छपाईची एक पद्धत शोधली गेली होती: भुकटीचा पातळ थर पसरायचा, हवा तिथं चिकटवायचा, त्यावर पुढचा थर, असं करत वस्तू उभी करायची. या एकाच शोधावरून आठ वेगवेगळ्या गटांनी धंद्याच्या वाटा शोधल्या. स्कॉट शेन या अभ्यासकानं २००० साली त्याबद्दल लिहिलं. कोणाला धातूच्या ओतकामाचे साचे दिसले, कोणाला औषधाच्या गोळ्या, कोणाला कारखान्यांतले फिल्टर, कोणाला कचेरीत ठेवून नमुने छापायचं यंत्र. प्रत्येकाला आपापल्या आधीच्या कामातली अडचण तिथं सुटताना दिसली, आणि दुसऱ्याला जे दिसलं ते सहसा सुचलंच नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे हे. अंगणात ठिपके तेच. आजीच्या हाताला कासव येतं, आईच्या हाताला कमळ, आणि माझ्यासारख्याला नुसते ठिपके.

अर्थशास्त्रज्ञांमध्ये यावरून एक जुना वाद आहे. इस्रायल कर्झनर यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की उद्योजकाचं मुख्य भांडवल म्हणजे सतर्कता. इतरांच्या नजरेतून सुटलेली तफावत त्याच्या लक्षात येते. म्हणजे संधी आधीपासून तिथं पडलेली असते. दुसरा पक्ष म्हणतो, संधी पडलेली वगैरे काही नसते, माणूस काम करत करत ती घडवतो. मला हा वाद थोडा पुस्तकी वाटतो. हराळीचा त्रास आधीपासून होता, तो कोणी घडवला नाही. पण लोखंडी नांगराला गिऱ्हाईक आधीपासून नव्हतं, ते घडवावं लागलं.

आता मघाचा सौदा. दृष्टी जितकी ठाम, तितका गोरिला निसटण्याचा धोका मोठा. ज्याला आपलं चित्र फारच स्पष्ट दिसतं, तो त्या चित्रात न बसणारी बातमी ऐकत नाही. दोन वर्षं चिकाटीनं थांबलेला आणि शेवटी जिंकलेला माणूस आपल्याला माहीत होतो. दोन वर्षं तितक्याच चिकाटीनं थांबून घरदार गहाण टाकून बसलेला माहीत होत नाही, त्याच्या नावाचा रस्ता नसतो. त्यामुळं 'स्वप्नावर विश्वास ठेवा' छापाची भाषणं ऐकताना मी हल्ली खिसा चाचपून बघतो. चिकाटी आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. ओळखायची खूण असलीच तर एक: माणूस आक्षेप ऐकून वस्तू बदलतो का. लोकांना समजत नाही, असं वर्षभर तेच म्हणत असेल तर जपून राहावं.

किर्लोस्करवाडीपासून तासगाव फार लांब नाही. तो द्राक्षांचा मुलूख. तिथं आणि सोलापूरकडे मुख्य जात थॉमसन सीडलेसची. द्राक्षवेलीत कधीकधी एखाद्या फुटव्यात आपोआप बदल होतो. त्या काडीवरचा मणी जरा लांब येतो, किंवा रंग वेगळा. वेल तीच, बाग तीच, फक्त एक काडी वेगळी. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी अशी निवड करून तास-ए-गणेश ही जात पुढं आणली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्याची सोनाका आणली. दोन्ही थॉमसनच्याच पोटच्या. प्रयोगशाळेत कोणी संकर केला नव्हता. बागेत कोणाला तरी फरक दिसला होता.

हजारो घडांमध्ये एक घड किंचित लांबट आहे हे कोणाला कळेल? ज्याच्या डोळ्यांत नेहमीचा घड इतका मुरलाय, की वेगळा घड टोचतो, त्याला. आणि टोचल्यावर 'असेल काहीतरी' म्हणून पुढं न जाता त्या काडीला चिंधी बांधून ठेवेल कोण? बाजारात लांब मण्याला काय भाव येईल याचं चित्र ज्याच्या मनात आहे, तो.

आपल्याकडे द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. फळ उतरल्यावर एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. खरड छाटणीत, ज्या काड्यांवर नुकतंच फळ येऊन गेलं त्या कात्रीखाली जातात आणि बांधावर त्यांचे ढीग लागतात. नान्नजची काडीही वेळेवर लक्षात आली नसती तर त्यातच गेली असती. या एप्रिलमध्येही सांगली, सोलापूर, नाशिककडे ते ढीग लागतील. त्यांत एखादी लांब मण्याची काडी असेल, तर ती बांधावरच वाळेल.